राजा ‘बेडा’ म्हणते



आधी एक खुलासा करते, म्हणजे पुढे माझं व्याकरण चुकतंय असं कुणाला वाटायला नको. मी आज ज्या मकावबद्दल बोलणार आहे तिचं नाव राजा, आणि ती मादी आहे. मकावमध्ये नर आणि मादी दिसायला सारखेच. रंगावरून, आकारावरून काही कळत नाही. पीस किंवा रक्ताचा थेंब प्रयोगशाळेत पाठवून डीएनए तपासावा लागतो. तिच्या आधीच्या घरी कुणी तो तपासला नव्हता. एवढा मोठा पक्षी, एवढा आवाज, म्हणजे नरच असणार असं त्यांनी धरून चालवलं. आमच्याकडे आल्यावर तपासणी झाली, पण तोवर तिला बारा वर्षं त्या नावाची सवय झालेली. मग नाव तेच ठेवलं. मराठीत तशी अडचण काही नाही. आपल्या आया मुलीलाही ‘ये गं राजा’ म्हणतातच की.

माझं घर बेंगळुरूला. घरात मी, नवरा, कॉलेजला जाणारी मुलगी आणि सासूबाई. आणि 2021 च्या जानेवारीपासून राजा.

ज्यांनी मकाव फक्त चित्रात पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते. आपल्या मिठूच्या अंदाजानं विचार करू नका. राजा निळा-पिवळा मकाव आहे. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ तीन फूट. वजन साधारण किलोभर. पाठ निळी, पोट हळदीसारखं पिवळं, कपाळावर हिरवट झाक. गालावर पिसं नसलेली पांढरी कातडी आणि तिच्यावर बारीक काळ्या पिसांच्या ओळी, हातशिलाईच्या टाक्यांसारख्या. या ओळी प्रत्येक पक्ष्याच्या वेगळ्या. आक्रोड ती चोचीत धरते, जिभेनं फिरवून बरोबर शिवणीवर आणते आणि फोडते. आवाज होतो तो ऐकून आमच्याकडे आलेले पाहुणे आपापली बोटं आत घेतात.

हा पक्षी पनामापासून ब्राझील, बोलिव्हिया, पराग्वेपर्यंतच्या जंगलांतला. मग तो बेंगळुरूच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत आला कसा? आपल्याकडे देशी पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. आजही कितीतरी घरांत पिंजऱ्यात मिठू दिसतो, तो भाग वेगळा. पण देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली आणि हौस काही संपली नाही. ती परदेशी पक्ष्यांकडे वळली. हे पक्षी आता इथेच पैदास करून विकले जातात. पिल्लू काही आठवड्यांचं झालं की आईबापांपासून काढून घेतात आणि सिरिंजनं खळ भरवून वाढवतात. बाजारात त्याला ‘हँडफेड’ म्हणतात आणि ते महाग असतं, कारण ते माणसाळलेलं असतं.

माणसाळलेलं म्हणजे काय, ते जरा बघू. जंगलात मकावचं पिल्लू झाडाच्या ढोलीत तीन महिने असतं. उडायला लागल्यावरही कितीतरी महिने आईबापांबरोबर हिंडतं. कुठलं फळ कधी खायचं, कुठल्या हाकेला काय उत्तर द्यायचं, बहिरी ससाण्यासारखं काही वरून आलं तर कुठे दडायचं, हे सगळं ते पाहून शिकतं. मोठा मकाव जोडीनं राहतो. शंभराचा थवा उडत असला तरी त्यातल्या जोड्या ओळखू येतात, इतके ते पंखाला पंख लावून उडतात. पेरूच्या आग्नेय भागात नदीकाठच्या दरडींवर शेकडो मकाव सकाळी माती खायला जमतात. त्या मातीतलं मीठ त्यांना हवं असतं. म्हणजे हा सतत कुणाच्या तरी सोबतीत जगणारा प्राणी. आणि ‘हँडफेड’ पिल्लाला पक्षी असणं शिकवणारं कुणीच भेटलेलं नसतं. त्याला वाटतं, आपण जरा वेगळ्या आकाराचं माणूस आहोत.

राजाच्या आधीच्या घराबद्दल मला वाईट बोलायचं नाही. चांगली माणसं होती. मुलांचा हट्ट म्हणून त्यांनी पिल्लू आणलं. पायातल्या कड्यावर साल आहे, 2008. मुलांनी तिला खूप जीव लावला. तिला टीव्हीसमोर मांडीवर घेऊन बसायचे. मग मुलं मोठी झाली, शिकायला बाहेरगावी, पुढे परदेशी गेली. मागे राहिले आईवडील, साठी ओलांडलेले. राजाच्या दृष्टीनं तिचा थवा एके दिवशी उठून निघून गेला. ती ओरडू लागली. मकावचं ओरडणं म्हणजे अख्ख्या इमारतीला ऐकू जाणारी गोष्ट आहे. शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या. पिंजरा बाल्कनीत गेला, पिंजऱ्यावर चादर आली. चादरीखाली अंधारात तिनं स्वतःची पिसं उपटायला सुरुवात केली. शेवटी त्या काकांनीच रडत रडत एका बचाव केंद्राला फोन केला. मी त्या केंद्रात शनिवार-रविवार मदतीला जायचे. केंद्रात जागा नव्हती, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, ‘काही महिने घरी ठेवाल का?’

ते काही महिने अजून चालू आहेत.

ती आली तेव्हा वजन 790 ग्रॅम. छाती, पोट, मांड्या उघड्या. करड्या कातडीवर थोडी लव. पण डोक्यावरची पिसं मात्र शाबूत, चकचकीत. डॉक्टर म्हणाले, हे बघा, जिथे तिची चोच पोचते तिथलंच गेलंय. स्वतःचं डोकं कुणालाच उपटता येत नाही. म्हणजे हा सगळ्या अंगभरचा पिसांचा रोग असण्याची शक्यता कमी, हे तिनं स्वतः केलेलं आहे. तरी रक्ताच्या तपासण्या सगळ्या झाल्या. पिसं उपटणारा पक्षी दिसला की लोक लगेच ‘एकटेपणा, डिप्रेशन’ म्हणतात. आधी यकृत बघा, संसर्ग बघा, खाणं बघा. राजाचं खाणं म्हणजे बारा वर्षं सूर्यफुलाच्या बिया, चपाती आणि चहात बुडवलेलं बिस्कीट. जीवनसत्त्व ‘अ’ जवळजवळ नाही. आंघोळ नाही. रात्री बारापर्यंत टीव्ही, आणि तिला झोप हवी असते दहा-बारा तास.

हे सगळं दुरुस्त करणं त्यामानानं सोपं होतं. खाण्याचं म्हणाल तर सासूबाईंनी ते केलं. ताटलीत गाजर, भोपळा, रताळं ठेवलं तर ती ढुंकूनही बघत नव्हती. सासूबाई तिच्यासमोर खुर्ची टाकून भाजी चिरायला बसायच्या आणि मधूनच एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकायच्या. पोपटाला दुसरा खातोय ते हवं असतं. दहाव्या-बाराव्या दिवशी तिनं मान लांब केली. आता ती हिरव्या मिरच्या अशा खाते की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. तिला काही होत नाही, पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. मात्र ज्याला बेंगळुरूत बटर फ्रूट म्हणतात ते अॅव्होकॅडो तिच्यासाठी विष आहे, चॉकलेटही. आणि घरातली नॉन-स्टिकची सगळी भांडी आम्ही काढून टाकली. ती जास्त तापली की जो वायू निघतो त्यानं पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. लोखंडी तवा परत आला आणि धिरडी सुधारली, हा आमचा फायदा.

अवघड होतं ते वेगळंच. तिला हाताची भीती होती.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत तिला पिंजऱ्यातून काढायचं म्हणजे जाड टॉवेल टाकून पकडायचं, अशीच पद्धत पडली होती. ज्या हातांनी तिला वाढवलं तेच हात आता पकडायला यायचे. हात दिसला की ती मागच्या कोपऱ्यात जायची, गजांना चिकटायची आणि थरथरायची. हात आणखी पुढे गेला तर चावायची. लोक म्हणतात पोपट एकदम चावला. एकदम कधीच चावत नाही. आधी पिसं अंगाशी घट्ट घेतो, मग डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या व्हायला लागतात, वजन मागच्या पायावर जातं, चोच थोडी उघडते. चार वेळा सांगतो, पाचव्यांदा चावतो. आणि ज्याचं पहिल्या चार वेळा कुणी ऐकलेलं नाही, तो शहाणा पक्षी पुढे सरळ पाचव्यापासून सुरू करतो.

डॉक्टरांनी मला एकच काम दिलं. म्हणाले, तिला शिकवू नका काही. तिचं ‘नको’ तुम्हाला समजतं हे तिला कळू द्या.

म्हणजे प्रत्यक्षात काय केलं? मी रोज संध्याकाळी पिंजऱ्यापासून आठ फुटांवर जमिनीवर बसायचे. तिच्याकडे तोंड करून नाही, कुशीवर. समोरून रोखून बघणं हे शिकारी प्राण्याचं लक्षण आहे. त्याचे दोन्ही डोळे पुढे असतात, आपल्यासारखे. आठ फुटांवर ती सैल बसायची. सात फुटांवर पिसं आवळायची. मग मी आठवर परत. मी काहीतरी वाचायचे, मोठ्यानं. बहुतेक वेळा मुलीची परीक्षेची पुस्तकं, त्यामुळे अर्थशास्त्राची तत्त्वं आम्हा दोघींना पाठ झाली. रोज निघताना लांबूनच एक आक्रोड तिच्या वाटीत टाकायचा आणि जायचं. आक्रोड एरवी कधीच नाही, फक्त माझ्या येण्याशी जोडलेला. सहा फुटांवर यायला तीन आठवडे लागले. पिंजऱ्याच्या गजाला टेकून बसायला अडीच महिने.

माझा नवरा रोज संध्याकाळी विचारायचा, ‘आज किती इंच?’

मार्चच्या शेवटी एकदा मी गजांमधून भोपळ्याचा तुकडा पुढे केला. ती सरकली नाही, आवळली नाही, चोचही उघडली नाही. मान तिरकी करून माझ्याकडे बघत म्हणाली, ‘बेडा.’

बेडा हा कानडी शब्द. अर्थ, नको. बेंगळुरूत राहणाऱ्या माणसाला भाजीवाल्याशी बोलताना दिवसातून दहा वेळा लागणारा. आतापर्यंत आमच्याकडे ती काहीही बोलली नव्हती. आधीच्या घरी ती बोलायची असं काका म्हणाले होते. ‘बा बा’ म्हणजे ये ये, ‘ऊटा आय्ता’ म्हणजे जेवण झालं का. आमच्याकडे दोन महिने शुकशुकाट. आणि पहिला शब्द हा.

आता इथे मला जपून बोलायला हवं. पोपट शब्द उच्चारतो म्हणजे त्याला आपल्यासारखा अर्थ कळतो असं नाही. आपल्याकडे ‘पोपटपंची’ हा शब्दच आहे, न समजता केलेल्या घोकंपट्टीला. पण तेही पूर्ण खरं नाही. आयरीन पेपरबर्ग यांनी अॅलेक्स नावाच्या आफ्रिकन करड्या पोपटाबरोबर तीस वर्षं काम केलं. तो 2007 साली गेला, तोवर तो वस्तूंचे रंग, आकार, संख्या विचारल्यावर सांगायचा आणि नको असलेली गोष्ट नाकारायचा. राजाला कुणीतरी सतत ‘बेडा, बेडा’ म्हणत असणार, हे करू नको, ते चावू नको. त्या सुरावर काहीतरी थांबतं एवढं तिनं टिपलं असेल. माझ्या दृष्टीनं एवढं पुरेसं होतं. मी भोपळा मागे घेतला आणि दोन पावलं सरकून बसले.

दुसऱ्या दिवशी तेच. हात पुढे, ‘बेडा’, हात मागे. चौथ्या-पाचव्या दिवशी मला शंका आली की ही नुसती बघतेय. शब्द टाकला की ही बाई मागे जाते का, परत टाकला की परत जाते का. आमच्या मुलीच्या भाषेत, आईचा पोपट झाला. झाला असेल. बारा वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातात एक कळ आली होती आणि ती कळ चालत होती. साधारण दोन आठवडे तिनं ती मनसोक्त दाबली. मग एका सकाळी हात पुढे केला तेव्हा ती काहीच बोलली नाही. पुढे आली, चोचीनं माझं बोट धरलं, दाबलं नाही, नुसतं धरलं.

इथे हात झटकन मागे घ्यायचा मोह होतो. तो आवरावा लागतो. मकावला चोच म्हणजे तिसरा पाय. फांदीवर पाऊल ठेवण्याआधी तो चोचीनं ती फांदी धरून बघतो, वजन पेलेल का. आपण हात ओढला तर फांदी मोडली. तिनं माझं बोट चाचपलं, मग एक पाय ठेवला, मग दुसरा. किलोभर वजन, उबदार कोरडे पाय, दोन बोटं पुढे आणि दोन मागे. माझा श्वास कुठे होता कुणास ठाऊक.

लोकांना वाटतं गोष्ट इथे संपते. पक्षी हातावर आला, मैत्री झाली, व्हिडिओ टाका. खरं तर काळजीचं काम इथून पुढे होतं आणि डॉक्टरांनी त्याची कल्पना आधीच देऊन ठेवली होती.

वर्षभरात राजा माझ्यामागे घरभर चालायला लागली. मी स्वयंपाकघरात, तर ती दाराच्या पाटीवर. माझ्या आवाजावर तिच्या गालांची पांढरी कातडी गुलाबी व्हायची आणि डोक्यावरची पिसं फुलायची. हा माझा भ्रम नाही. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2018 मध्ये हातावर वाढवलेल्या पाच निळ्या-पिवळ्या मकावचं निरीक्षण केलं. सांभाळणारी व्यक्ती त्यांच्याशी बोलत, बघत असली की ते जास्त लाजायचे, आणि ती पाठ करून बसली की कमी. लाजायचे हा माझा शब्द झाला. त्यांनी फक्त गाल लाल होतात असं नोंदवलं आणि त्यामागच्या भावनेबद्दल ते सावधपणेच बोलले.

पण मग एक दिवस ती माझ्या मनगटाजवळ मान खालीवर करून खाल्लेलं बाहेर काढायला लागली. आणि नवरा जवळ आला की त्याच्या अंगावर धावून जायला लागली. उलटी म्हणून घाबरू नका, ते आजारपण नव्हतं. मकावची जोडी एकमेकांना असं भरवते. राजानं मला जोडीदार मानलं होतं.

ऐकायला गोड वाटतं. कितीतरी जण याला ‘एका माणसाचा पक्षी’ म्हणून मिरवतात. विचार करा, या पक्ष्याला मी कधीच पुरी पडणार नाही. मी ऑफिसला जाणार, प्रवासाला जाणार, आजारी पडणार. मी घरटं करणार नाही, अंडी उबवणार नाही. वसंतात तिच्या शरीरात संप्रेरकं उसळणार आणि समोर जोडीदार म्हणून एक बाई लॅपटॉप उघडून बसलेली. त्या उपाशीपणातून चावणं, ओरडणं, परत पिसं उपटणं. ज्या थव्यावर तिनं पहिल्यांदा भरवसा टाकला तो निघून गेला होता. आता तिनं तो सगळा भरवसा एकाच माणसावर टाकला होता.

मराठीत लळा लागणं आणि विश्वास बसणं हे दोन वेगळे वाक्प्रचार आहेत, हे मला त्या दिवसांत फार जाणवलं. हातावर वाढवलेल्या पक्ष्याला लळा लागायला वेळ लागत नाही. आधीच्या घरातही लळा भरपूर होता.

मग आम्ही तो लळा वाटून द्यायला लागलो. आक्रोड माझ्याकडून बंद, फक्त नवऱ्याकडून. पाठीवरून, पंखाखालून हात फिरवणं बंद. पक्ष्यांमध्ये तिथे जोडीदारच स्पर्श करतो, इतरांनी फक्त डोकं आणि मान. सोफ्यामागचा अंधारा कोपरा बंद केला, कारण तो तिला ढोलीसारखा वाटायचा. ती माझ्या हाताशी भरवाभरवी सुरू करायला लागली की मी तिला शांतपणे दांडीवर ठेवून निघून जायचे. हे करताना मला आनंद झाला असं नाही. ती मागून जो आवाज काढायची तो ऐकून आमची मुलगी म्हणायची, ‘आई, किती दुष्ट आहेस गं तू.’

नवऱ्याला तिनं तीनदा चावलं, एकदा चांगलं टाके पडेपर्यंत. त्यानं मात्र माझ्याचसारखं आठ फुटांपासून सुरू केलं आणि मी त्याला रोज संध्याकाळी विचारायचे, आज किती इंच. आज ती त्याच्या खांद्याऐवजी हातावर बसून वर्तमानपत्र फाडते. खांद्यावर आम्ही कुणीच बसवत नाही, तिथून डोळा फार जवळ असतो.

सासूबाईंशी तिचं आणखी निराळं. त्या तिला हात लावत नाहीत आणि ती त्यांच्याकडे जात नाही. पण त्या दुपारी निवडायला बसल्या की ती समोरच्या खुर्चीच्या पाठीवर येऊन बसते आणि मेथीच्या काड्या मागते. दोघींचं तासभर चालतं. सासूबाई म्हणतात, ‘हिला निदान विचारल्याशिवाय बोलायची सवय नाही.’

ओरडण्याचं विचाराल, कारण सगळे विचारतात. ते कमी झालं, थांबलं नाही. दाट झाडीत मकाव एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून हाक देतात. मी इथे आहे, तू कुठे? उत्तर आलं की गप्प बसतात. उत्तर नाही आलं तर आवाज वाढवतात, आपणही तेच करतो. पिंजऱ्यावर चादर टाकणं म्हणजे त्या हाकेला अंधारानं उत्तर देणं. आम्ही दोन सुरांची एक शीळ ठरवली. ती हाक देते, घरात जो कुणी असेल तो शीळ घालतो. आता बहुतेक वेळा तीच आधी शीळ घालते. उजाडताना आणि मावळताना मात्र दहा मिनिटं ती पूर्ण आवाजात बोलते. ते जंगलातलं आहे, ते राहणार. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या वेळा टाकलेल्या आहेत. तळमजल्यावरच्या आजोबांनी त्यावर औषधाची गोळी बांधून घेतली आहे.

छातीवरची पिसं काही ठिकाणी परत आली, काही ठिकाणी येणार नाहीत. पुन्हा पुन्हा उपटून मूळच गेलं की तिथे पीस उगवत नाही. उजव्या बाजूला तळहाताएवढी जागा तशीच उघडी आहे. वजन 960. ती रोज सकाळी आपणहून वजनकाट्यावर चढते. औषधाची सिरिंज आपण होऊन तोंडात घेते, कारण एरवी त्यात डाळिंबाचा रस असतो. टॉवेलसुद्धा आता तिच्या खेळण्यांत आहे. नखं कापताना अजूनही ‘बेडा’ म्हणते. मग आम्ही थांबतो. एक नख सोमवारी, एक गुरुवारी. आठ नखं व्हायला महिना जातो. गेला तर जाऊ दे.

तुमच्यापैकी कुणाला हे ऐकून मकाव आणावासा वाटत असेल, तर आणू नका. स्पष्टच सांगते. कायद्यानं बंदी नाही, पण 2022 च्या दुरुस्तीनंतर हे परदेशी पक्षीही वन्यजीव कायद्याच्या कक्षेत आलेत. 2024 च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पक्षी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली, तो मेला, सगळं कळवावं लागतं. ते कागद होतातही. पण मकाव पन्नास वर्षं जगू शकतो, साठही. जितक्या सहज आपण पिल्लू घेतो तितक्या सहज आपण पन्नास वर्षांचं दुसरं काही घेत नाही. घ्यायचाच असेल तर बचाव केंद्रात जा. तिथे कुणाचे तरी नकोसे झालेले पक्षी आहेत. आणि आधी वर्षभर त्यांची विष्ठा साफ करून बघा.

काही जण कळवळून विचारतात, सोडून का देत नाही तिला? कुठे सोडू? कर्नाटकात? तिला इथलं एक फळ ओळखता येत नाही. घार दिसली तर ती तिला शीळ घालेल. ‘रिओ’ सिनेमातला निळा मकाव आठवतो का? त्या जातीचा, स्पिक्सचा मकाव, जंगलातून संपला म्हणून 2019 मध्ये जाहीर झालं. मग पिंजऱ्यात वाढलेले आठ पक्षी जून 2022 मध्ये ब्राझीलच्या बाहिया राज्यात सोडले. सोबत दुसऱ्या जातीचे जंगली मकाव सोडले, या आठांना जंगल शिकवायला. त्यामागे कित्येक वर्षांची तयारी आणि माणसांची फौज होती. आणि ते त्यांच्याच मुलखात. पिंजऱ्याचं दार उघडणं म्हणजे स्वातंत्र्य देणं नव्हे.

माझं वय 54. राजाचं सतरा. हिशेब तुम्हीही करू शकता. मुलीला मी हे ओझं वारसा म्हणून देणार नाही. ती हो म्हणाली तरी नाही, तिच्या वयात सगळेच हो म्हणतात. त्यामुळे दीड वर्षांपूर्वी आम्ही दुसरं काम सुरू केलं. बचाव केंद्रानं शहराबाहेर एक मोठं पक्षीघर बांधलं आहे, साठ फूट लांब, उडता येईल असं. तिथे एक निळा-पिवळा नर आहे. तोही कुणाच्या तरी घरातून आलेला, एक डोळा गेलेला. आम्ही राजाला दर शनिवारी तिथे नेतो.

पहिल्यांदा तिनं त्याला बघितलं आणि माझ्या जॅकेटमध्ये तोंड खुपसलं. तिच्या मते तो एक भयंकर प्राणी होता. आम्ही परत आठ फुटांवर. मध्ये जाळी, दोन्हीकडे दांड्या, दोन्हीकडे आक्रोड. चार महिने ती त्याच्याकडे पाठ करून बसायची. तो मात्र बसायचा तिच्या बाजूच्या जाळीला लागून, चांगला डोळा तिच्याकडे करून. पाचव्या महिन्यात एकदा तिनं पाठ न वळवता खाल्लं. पावसाळ्यात एकदा आम्ही बघितलं, ती जाळीतून मान वाकवून उभी आणि तो तिच्या मानेवरची नव्या पिसांची वेष्टणं चोचीनं हलकेच सोडवतोय. ते काम मी चार वर्षं नखानं करत होते. तो ते माझ्याहून फार चांगलं करतो.

जाळी आता काढली आहे. महिन्यातून दोनदा ती शुक्रवार ते रविवार तिथेच राहते. ती उडते. वेडीवाकडी, तीन-चार पंखांतली पिसं जुन्या कापण्यामुळे अजून नीट नाहीत, पण साठ फूट ती या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि तो तिच्या उजव्या अंगाला असतो.

मागच्या रविवारी मी आणायला गेले. आत जाऊन शीळ घातली. वरच्या दांडीवरून तिची शीळ आली, दोन सुरांची. मी हात पुढे केला. ती चालत दांडीच्या टोकापर्यंत आली, वाकून माझ्या बोटाला चोच लावली. आणि म्हणाली, ‘बेडा.’

मी केंद्रातल्या मुलाला सांगितलं, सोमवारी सकाळी वजन करून कळव. तिचा पिंजरा रिकामाच गाडीत ठेवला. सोमवारी निरोप आला, 965 ग्रॅम, मिरच्या संपवल्या.

पावसाळ्यानंतर तिला तिकडेच कायम ठेवायचं का, ते आम्हाला ठरवायचंय. सासूबाईंचं मत आहे की ठरवायचं आपण नाही. त्यांनी मेथी पाठवायला मात्र सुरुवात केली आहे, दर शुक्रवारी, निवडून.